तळ्याकाठचा नवा बोर्डवॉक, गाडी न काढता कसा करायचा

शहरात तळ्याच्या कडेने नवीन बोर्डवॉक, म्हणजे जमिनीपासून उचलून बांधलेली फळ्यांची पायवाट, झाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, पार्किंग कुठे आहे? माझं म्हणणं हा प्रश्न बाजूलाच ठेवा. काठाने जाणारी वाट बहुतेक वेळा एका टोकाला सुरू होते आणि भलत्याच ठिकाणी संपते, गोल फिरून परत येत नाही, आणि गाडी एका टोकाला लावली की तुम्ही तिच्याशी बांधले गेलात, जितकं चालाल तितकंच मागे यायचं, म्हणजे सहा किलोमीटरची वाट असेल तर लोक तीन किलोमीटर जाऊन वळतात आणि पुढची निम्मी कधी बघतच नाहीत. बसने किंवा मेट्रोने गेलात तर या टोकाला उतरायचं, सगळी वाट चालायची आणि त्या टोकावरून घरी. मागे वळायचंच नाही! गाडीशिवाय जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो, पेट्रोल वाचतं वगैरे नंतरचं. फक्त त्यासाठी थोडी आखणी लागते आणि ती कशी करायची तेच खाली सविस्तर लिहिलंय.

परतीचं आधी बघा

प्लॅन उलटा करायचा. म्हणजे घरून कधी निघायचं ते शेवटी ठरवायचं, आधी बघायचं की वाट जिथे संपते तिथून घराकडे यायला काय आहे, किती किती वेळाने आहे आणि शेवटचं वाहन कितीला आहे. जाताना माणूस ताजातवाना असतो, बस चुकली तरी चालतं, पाणी असतं, फोन फुल चार्ज असतो. येताना पाय दुखत असतात, अंधार पडत आलेला असतो, पोरं किरकिर करत असतात, आणि नेमकी तेव्हाच बस पाऊण तासाने असते. म्हणून दोन टोकांपैकी जिथे गाड्या जास्त सुटतात ते टोक शेवटासाठी राखून ठेवायचं आणि जिथे बस कमी आहेत तिथून सुरुवात करायची. सगळ्या प्लॅनिंगमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

एक साधं उदाहरण घेऊ. वाट ६ किलोमीटर आहे, एका टोकाजवळ तासाला एक बस येते, दुसऱ्या टोकापासून दहा मिनिटांवर मेट्रो स्टेशन आहे. तर बसवाल्या टोकाला उतरायचं, कारण ती एकच बस वेळापत्रक बघून पकडायची आहे आणि ते सकाळी घरून निघताना सोपं असतं. मग चालणं. सपाट रस्त्यावर आपण ताशी ५ किलोमीटरने जातो पण बोर्डवॉकवर तो हिशोब धरू नका, तिथे थांबणं होतं, फोटो होतात, कुणीतरी बगळा दिसला म्हणून हाका मारतं, त्यामुळे ताशी ३ धरा म्हणजे दोन तास, वर बसण्याचा-खाण्याचा अर्धा-पाऊण तास. सूर्यास्त साडेसहाला असेल तर सहाच्या आत फळ्यांवरून उतरलेलं बरं, म्हणजे तीनच्या सुमारास चालायला लागायचं, आणि त्यावरून मागे मागे येत बस कोणती आणि घरून किती वाजता ते ठरतं. मेट्रोच्या बाजूला वेळापत्रक बघायची गरजच नाही, जिथे दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर गाडी येते तिथे फक्त शेवटची गाडी कितीची तेवढं बघून ठेवायचं.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे रविवारचं आणि सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि आपण जाणार नेमके त्याच दिवशी, त्यामुळे ॲपमध्ये तारीख टाकूनच बघा, आज मंगळवारी बसून 'आत्ता निघालो तर' असं बघू नका. दुसरं, तिकीट. बऱ्याच शहरांत तिकीट ठराविक वेळेपुरतं चालतं, त्या वेळेत बस बदला, मेट्रो घ्या, नवीन तिकीट लागत नाही. पण मधे तुम्ही दोन-अडीच तास चालणार म्हणजे ती मुदत संपणारच, तेव्हा जाण्या-येण्याची दोन तिकिटं स्वस्त पडतात की दिवसभराचा पास, हा हिशोब घरीच करून टाका.

आणि हो, बोट! तळ्यात प्रवासी बोट असेल तर तिला फक्त टुरिस्टांसाठीची समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला तलावावरच्या बोटी शहराच्या वाहतुकीच्या तिकीट व्यवस्थेतच येतात, जिनिव्हात तलाव ओलांडणाऱ्या छोट्या पिवळ्या बोटींनाही बस-ट्रामचंच तिकीट चालतं. जाताना काठाने चालत आणि येताना पाण्यावरून, जी वाट आपण चाललो ती पाण्यावरून पूर्ण दिसते, ही मजा कारवाल्याला नाही. त्याच झ्युरिकच्या तलावावर राप्पर्सविलहून हुर्डेनला जाणारा लाकडी पूल आहे, ८४१ मीटर लांब, २००१ साली बांधलेला, फक्त चालणाऱ्यांसाठी. राप्पर्सविलच्या स्टेशनवर ट्रेनमधून उतरायचं, पाण्यावरून पलीकडे जायचं, तसंच पुढे फेफिकोनपर्यंत चालायचं आणि तिथून दुसरी ट्रेन धरायची. एका बाजूने चढा, दुसऱ्या बाजूने उतरा, असा हा रूट आहे आणि आपल्याला आपल्या शहरातल्या वाटेवर हेच शोधायचंय.

नकाशा नीट बघा, नवीन वाटेचा तर नक्कीच

नवीन ट्रेलची गंमत अशी की तो नकाशावर असेलच असं नाही. सॅटेलाइट फोटो जुना असतो, त्यात नुसतं पाणी आणि गवत दिसतं, आणि ॲपला वाट माहीतच नसली की ते तुम्हाला बाहेरच्या मोठ्या रस्त्याने लांबून पाठवतं आणि वर सांगतं की चालायला दीड तास. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकदा बघा, तिथे कोणीही भर घालू शकतं त्यामुळे पायवाटा, छोटी गेटं, पायऱ्या बऱ्याचदा तिथे आधी येतात. आणि पालिकेने किंवा उद्यान विभागाने अधिकृत नकाशा दिला असेल तर तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, पाण्याच्या मधोमध गेल्यावर नेटवर्क असेलच असं धरून चालू नका.

नकाशात काय शोधायचं? सगळे बाहेर पडायचे रस्ते. साध्या फुटपाथवरून कुठूनही बाजूला होता येतं, बोर्डवॉकचं तसं नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दलदल, मग एक जोड-वाट सोडली की पुढची थेट एक-दीड किलोमीटरवर. पोराला शू लागली, कोणाचा पाय मुरगळला, आभाळ भरून आलं, या प्रत्येक वेळी तुम्हाला एकच गोष्ट माहिती पाहिजे, पुढचा बाहेर पडायचा रस्ता जवळ की मागचा. टॉयलेट आणि पिण्याचं पाणी सहसा फक्त मुख्य गेटांपाशी असतं, मधे नसतं, हे गृहीत धरूनच निघा.

अजून एक, 'ट्रेल सुरू झाला' म्हणजे पूर्ण झाला असं नाही. अशी कामं टप्प्याटप्प्याने होतात, पहिला टप्पा उघडतो आणि पुढे पत्रे लावलेले असतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा तुमचा सगळा प्लॅन त्या पत्र्यांपाशी येऊन अडकतो, तर आत्ता नेमका कुठपर्यंत खुला आहे आणि संध्याकाळी गेट किती वाजता लावतात, हे दोन्ही आधी विचारून घ्या. उद्घाटनानंतरचे पहिले एक-दोन वीकेंड मी तरी जाणार नाही, शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी जा, वाट तीच पण अनुभव पूर्ण वेगळा.

अंतरापेक्षा मिनिटांत विचार केलेला सोपा पडतो. स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचं शहर आहे, तिथे १९९९ पासून शहराच्या मध्यभागातून गाड्या जवळजवळ हद्दपार केल्यात, आणि त्यांनी चालणाऱ्यांसाठी एक नकाशा काढलाय, मेट्रोमिनुतो, दिसतो हुबेहूब मेट्रोच्या नकाशासारखा, रंगीत लाइनी, ठिपके, फक्त दोन ठिपक्यांच्या मधे चालत किती मिनिटं ते लिहिलेलं. त्यातून लोकांना कळतं की अरे, हे तर सात मिनिटांवर आहे, गाडी कशाला काढायची. तसा आपला आपण एक कागदावर काढा. बसस्टॉपपासून गेट ८ मिनिटं, गेटपासून पहिला डेक (थांबून बघायचा कट्टा) १५, तिथून मधली जोड-वाट २०, असं शेवटच्या स्टेशनपर्यंत. घरातल्या ज्यांना 'किती लांब आहे अजून' असं विचारायची सवय आहे त्यांच्या हातात तोच कागद द्या.

कोणत्या दिशेने, किती वाजता

परतीच्या गाड्यांवरून दिशा ठरत नसेल, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच सोय असेल, तर मग ऊन आणि वारा बघा. सकाळी पश्चिमेकडे चाला आणि संध्याकाळी पूर्वेकडे, म्हणजे ऊन पाठीवर राहतं आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. मावळतीचे रंग बघायचे असतील तर मुद्दाम उलट करा, पण मग डोळ्यांवर ऊन घेत चालायची तयारी ठेवा. पाण्यावरून येणारी चमक फार त्रास देते आणि ती खालून येते, टोपी असली तरी डोळ्यांत जाते, गॉगल हवाच. उत्तर गोलार्धात दुपारचं ऊन बहुतेक दिवस दक्षिणेकडून येतं, त्यामुळे तळं तुमच्या दक्षिणेला असेल तर दुपारभर चमक तोंडावर, तिथे दुपार टाळलेलीच बरी.

वाऱ्याचं असं असतं की दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि पाण्यावरची गार हवा काठाकडे ओढली जाते, म्हणून मोठ्या तळ्यावर दुपारनंतर पाण्याकडून वारा सुटतो. सकाळी लवकर मात्र पाणी बरेचदा आरशासारखं असतं, पक्षीही तेव्हाच जास्त दिसतात. बोर्डवॉकवर झाडं कमी, आडोसा नाही, त्यामुळे काठावर छान वाटणारी हवा वाटेच्या मध्यावर कानात घुमायला लागते, एखादं पातळ जर्किन बॅगेत टाकून ठेवा, गाडीच्या डिकीत राहिलंय म्हणून आणायला जायची सोय नाही ना.

सामान कमीच घ्या. पाणी, थोडं खाणं, टोपी-गॉगल, छोटी टॉर्च, पॉवर बँक, तिकीट कार्ड. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, हात मोकळे.

फळ्यांवर चालताना

आता खरी वाट. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की फळ्या काय, रस्ता काय, चालायचंच तर आहे. कोरड्या दिवशी खरंच तसंच आहे. पण ओलं लाकूड वेगळं, विशेषतः जिथे झाडाची सावली पडते तिथलं, कारण तिथे ऊन लागत नाही, ओल टिकते आणि फळीवर हिरवट काळपट शेवाळाचा पापुद्रा धरतो जो लांबून नुसता सावलीसारखा दिसतो. असा पट्टा आला की पावलं छोटी टाका, पाय सपाट टेकवा, टाच आधी आपटू नका, आणि त्या पट्ट्यावर वळू नका, थांबू नका, सरळ पार होऊन मग पुढे कोरड्यात थांबा. पडलेली ओली पानं त्याहून वाईट. फळ्यांना बारीक खाचा असतील किंवा वर खरखरीत पट्ट्या ठोकल्या असतील तर चालायला तीच बाजू घ्या. कंपोझिट म्हणजे प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्या किंवा फळ्यांऐवजी जाळी असेल तर कुजण्याची भानगड कमी, पण कंपोझिटसुद्धा ओलं झाल्यावर सटकतं, नवीन दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

चपला नकोत, टाचेचे सँडल तर नकोतच, टाच दोन फळ्यांच्या फटीत बरोब्बर अडकते. फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, पाणी खाली निथळावं, लाकूड फुगलं तर जागा असावी आणि खालच्या झाडोऱ्याला थोडा उजेड मिळावा म्हणून. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या नियमात अशी फट १३ मिलिमीटरच्या आतच ठेवावी लागते, आणि लांबट फट असेल तर ती चालण्याच्या दिशेला आडवी, म्हणजे चाक किंवा काठी त्यात जाऊ नये. पण १३ मिलिमीटर म्हणजे घराची किल्ली आरामात जाईल एवढी जागा! रेलिंगला टेकून खिशातून किल्ल्या, इअरफोन काढायची सवय असेल तर सांभाळा, खाली गेलं की गेलं.

काही ठिकाणी वाट खांबांवर नसून तरंगती असते, कारण तळ्याची पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते आणि तरंगती वाट तिच्याबरोबर वर-खाली होते. तिथे पायाखाली हलकं हलतं. घाबरायचं काही नाही, पण जिथे पक्की वाट संपून तरंगती सुरू होते तिथे एक लोखंडी पट्टी असते आणि तिचा उतार पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलतो, पातळी खाली गेली असेल तर तो चांगलाच तीव्र होतो. तेवढ्या एका जागी रेलिंग धरा, मागच्याला सांगा. गटाने गेला असाल तर सगळ्यांनी एकाच कडेला गर्दी करून फोटो काढू नका, तरंगता भाग त्या बाजूला झुकतो.

आणि कृपा करून खाली उतरू नका. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण वाट उंचावर बांधली त्याचं कारणच ते आहे. तळ्याचा काठ म्हणजे मऊ ओली माती, त्यात वेतासारख्या उभ्या गवताची, लव्हाळ्याची मुळं. माणसं चालली की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, गवत मरतं, तिथे चिखल होतो, मग पुढचा माणूस चिखल टाळून बाजूने जातो, तिथलंही मरतं, आणि बघता बघता हातभर रुंद पायवाटेचं मैदान होतं. फळ्यांच्या खालून पाणी वाहतं, बेडूक-कासवं इकडून तिकडे जातात, पाणकोंबड्या घरटी करतात ती त्याच गवतात, वाटेपासून कधी कधी दोन हातांवर. एका जागी पाच मिनिटं गप्प उभं राहून बघा, आधी काहीच दिसत नाही, मग एखादा देठ वाऱ्याशिवाय हलतो, मग त्याच्या बुडाशी काळं डोकं आणि लाल चोच पुढे येते, पाण्यावरून दोन पावलं बाहेर, लगेच आत, आणि थोड्या वेळाने मागे दोन काळे कापसाचे गोळे. फळ्यांवरून कोणी धाडधाड पळत आलं की हे सगळं गायब, कारण लाकडावरचा आवाज खालच्या पाण्यात चांगला जातो. कुत्रा नेणार असाल, आणि परवानगी असेल, तर पट्टा छोटा धरा.

सायकल न्यायची असेल तर

आधी बघा, चालते का. बऱ्याच बोर्डवॉकवर सायकल हातात धरून न्यायची असते, काही ठिकाणी अजिबात नाही, काही ठिकाणी बाजूने वेगळा डांबरी ट्रॅक असतो. इलेक्ट्रिक स्कूटरला तर बहुतेक ठिकाणी मनाईच. हे नियम उगाच नसतात. शिकागोच्या तलावाकाठचा ट्रेल सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, तिथे चालणारे, पळणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर होते आणि गर्दीच्या दिवशी फार ओढाताण व्हायची, शेवटी २०१८ मध्ये सगळ्या लांबीवर दोघांच्या वाटा वेगळ्या करण्याचं काम पूर्ण झालं. ३० किलोमीटरच्या रुंद काठावर ते जमलं, तीन मीटरच्या लाकडी वाटेवर कुठून जमणार, तिथे सायकलवाल्यानेच हळू व्हायचं.

सायकल चालवायला परवानगी असेल तर फळ्या कशा बसवल्यात ते बघा. वाटेला आडव्या असतील तर नुसता खडखडाट होतो, बाकी धोका नाही. पण वाटेच्या दिशेनेच लांब फळ्या असतील तर त्यांच्यामधल्या फटीत बारीक टायर जाऊ शकतं, तिथे उतरलेलंच बरं. ओल्या फळीवर वळणात ब्रेक लावायचा नाही, वळणाआधी सरळ असतानाच वेग कमी करायचा. घंटी लांबूनच वाजवा, अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला सरकतो. मुलं असतील तर पायी जाण्याच्याच वेगाने जा.

भाड्याची सायकल हा गाडीशिवायच्या प्रवासातला फार कामाचा तुकडा आहे, पण माझ्या मते तो ट्रेलवर वापरण्यापेक्षा ट्रेलपर्यंत वापरा. स्टेशनपासून गेट दोन किलोमीटर असेल तर तिथे सायकल घ्या, गेटपाशी स्टँडला लावा, वाट चाला, पलीकडे पुन्हा दुसरी घ्या. ॲपमध्ये दोन्ही टोकांना स्टँड आहे ना ते बघा, आणि रिकाम्या जागा किती तेही बघा, कारण छान हवेच्या रविवारी तळ्याजवळचे सगळे स्टँड भरलेले असतात आणि सायकल लावायलाच जागा मिळत नाही, भाडं मात्र चालू. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी मशीनवर स्टँड भरलाय असं नोंदवलं की पुढच्या स्टँडपर्यंत जायला काही मिनिटं जास्तीची मिळतात. ठरलेल्या हद्दीबाहेर सायकल सोडली तर दंड बसतो, आणि ट्रेलचं टोक शहराच्या कडेला असेल तर ती हद्द नेमकी तिथेच संपू शकते, नकाशावर रंग बदललेला दिसतो तो बघा.

स्वतःची सायकल असेल तर ट्रेन-मेट्रोत गर्दीच्या वेळी साधी सायकल सहसा घेऊ देत नाहीत, घडीची सायकल मात्र बहुतेक ठिकाणी सामान म्हणून चालते. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत बसच्या तोंडाशी सायकलचा रॅक असतो, पण त्यात दोन किंवा तीनच बसतात, चौघांचा ग्रुप असेल तर त्या भरवशावर निघू नका.

मुलं, आजी-आजोबा, व्हीलचेअर

सगळ्यांना नेता येतं, बोर्डवॉकचं मोठेपण तेच आहे, सपाट, पायऱ्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी रेलिंग आहे. फक्त त्यांना पूर्ण वाट चालवू नका. मधली जोड-वाट शोधा, तिथून आत शिरा, सगळ्यात छान डेकपर्यंत जा, बसा, त्याच जोड-वाटेने बाहेर. किंवा गट दोन भागांत करा, चालणारे टोकापासून निघतात, आजी-आजोबा आणि कोणीतरी एकजण तासाभराने मधल्या गेटला येतात, डेकवर भेट, मग सगळे मिळून बाहेर. आजींसाठी शेवटच्या टप्प्याला टॅक्सी केली तर काही बिघडत नाही. आपली गाडी दिवसभर तळ्याकाठी उभी करून ठेवायची नाही एवढंच आपण ठरवलंय, आजींच्या गुडघ्यांवर त्याचा भार नको.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर बोर्डवॉकपेक्षा बोर्डवॉकपर्यंतचा रस्ता नीट तपासा. वाट गुळगुळीत असते, अडचण बसस्टॉप आणि गेटाच्या मधे येते, फुटपाथला उतार नाही, मोटरसायकली आत जाऊ नयेत म्हणून गेटाला अडथळे लावलेत त्यातून चेअर जात नाही, मेट्रोची लिफ्ट रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. स्टेशनची लिफ्ट चालू आहे का ते त्याच दिवशी सकाळी ॲपवर किंवा फोन करून बघा. आणि तरंगत्या भागाच्या जोडाबद्दल वर लिहिलंय ते इथे दुपटीने लागू.

लहान मुलांसाठी वेग ताशी दोन किलोमीटर धरा, आणि रेलिंग नसलेल्या भागात हात सोडू नका. काही बोर्डवॉकला, जिथे उंची कमी असते तिथे, रेलिंग ठेवतच नाहीत, नुसती कडेला बुटकी लाकडी पट्टी असते जी चाक अडवते, पळणाऱ्या पोराला नाही.

विजा आणि अंधार

यात विचार करत बसू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, लगेच जवळच्या वाटेने बाहेर पडा आणि पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये शिरा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि डेकवरचं छोटं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून वाचवत नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबून मगच परत फळ्यांवर या, आणि तोपर्यंत उशीर झाला असेल तर सरळ घरी जा.

अंधाराचं म्हणाल तर अशा वाटांवर दिवे कमी किंवा नसतातच, आणि ते बरोबरच आहे, रात्रीच्या उजेडाने पक्षी, वटवाघळं, किडे सगळ्यांचं वेळापत्रक बिघडतं. थोडा उशीर झालाच तर टॉर्च पायाशी धरा, पाण्यावर मारू नका.

एकदा जमलं की रोजच्यासाठी वापरा

हा भाग लोक सोडून देतात. तळ्याच्या या बाजूला घर आणि त्या बाजूला ऑफिस, शाळा, बाजार असेल तर ही वाट म्हणजे तुमचा रस्ताच आहे. तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता बऱ्याचदा दुप्पट लांब आणि सिग्नलनी भरलेला असतो. आठवड्यातून दोन दिवस जरी ऑफिसहून येताना एका स्टॉप आधी उतरून काठाने चालत आलात तरी फरक कळतो. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलींना देतात, आता शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते त्यात आहेत, आणि ते एवढं वाढलं कारण लोक दर रविवारी खरोखर तिथे येत राहिले. पालिका मोजते. नवीन ट्रेलवर गेटाच्या खांबात छोटा सेन्सर असतो, कधी जमिनीखाली वायर असते, किती लोक गेले ते मोजायला, आणि सोमवारी सकाळी जाणारा माणूस त्या आकड्यात रविवारच्या गर्दीपेक्षा वेगळा उठून दिसतो, कारण तो फिरायला आलेला नाही, तो कामाला चाललाय.

म्हणून मागण्याही तशाच करा, नेमक्या. 'सुविधा सुधारा' असं लिहून काही होत नाही. बसस्टॉप गेटापासून अमुक मीटर लांब आहे आणि मधे क्रॉसिंग नाही, रविवारी शेवटची बस सूर्यास्ताच्या आधीच सुटते, पलीकडच्या टोकाला सायकल स्टँड नाही, असं एका पत्रात एकच मुद्दा, सोबत फोटो आणि वेळ. फळी सैल झाली असेल, खिळा वर आला असेल, तर बऱ्याच ट्रेलवर खांबांना नंबर किंवा मीटरचे आकडे असतात, त्यातला सगळ्यात जवळचा नंबर लिहा, तळं डाव्या हाताला की उजव्या ते लिहा, फोटोत पाय किंवा पाण्याची बाटली येऊ द्या म्हणजे फट किती मोठी आहे ते कळतं. तक्रारीचा नंबर मिळाला की जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी तिथून जाताना तीच फळी बघा, बसवली नसेल तर त्याच नंबरचा उल्लेख करून पुन्हा लिहा.